गप्प खुर्ची

माझ्या दुकानात दोन खुर्च्या, एक कात्री आणि एक तोंड. तोंड माझं. "तुमच्या वस्तऱ्यापेक्षा जीभ जास्त चालते," असं बायको म्हणायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून संध्याकाळी घराचं कुलूप काढलं की दुसऱ्या सकाळी दुकान उघडेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. दिवसभराचं काय ते बोलणं गिऱ्हाइकांशी. तेवढ्यावर माझं चालतं.

धंदा मात्र बसत चालला होता. माझी भाची दुसऱ्या शहरात दुकानदारांना सल्ले देते. फोनवर म्हणाली, "मामा, कर्ज नको, नवं सामान नको. एका खुर्चीवर कागद लावा, 'इथे गप्पा नाहीत.' फक्त आठवडाभर. नाही जमलं तर कागद काढून टाका. यात तुमचं जाणार काय?"

"माझी बडबड इतकी वाईट आहे का गं?"

"तसं नाही हो. काहींना शांतता लागते, एवढंच."

लावला कागद. म्हटलं, बसेल एखादा घुमा.

सोमवारी चार जण आले, चौघेही तिथेच बसले. बुधवारी तर कहर झाला. गप्प खुर्चीत एकजण डोक्याला रंग लावून वाळायची वाट बघत होता. मी मोकळा, बोलकी खुर्ची मोकळी, आणि बाकावर तिघे. "या की," मी म्हणालो. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "थांबतो ना, घाई नाही," त्यातला एक म्हणाला.

नवे चेहरेही येऊ लागले. बाक पुरेना. मी आपला मूग गिळून केस कापत होतो. कात्री एवढा आवाज करते हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

माझी सगळी भिस्त मास्तरांवर होती. निवृत्त पोस्टमास्तर, बावीस वर्षं दर शनिवारी दाढीला येतात. बायकोचं सगळं आजारपण मी त्यांच्या गालाला साबण लावत सांगितलं होतं. डोळे मिटून ते "हं, हं" करायचे. मला वाटायचं, एवढं मन लावून कोण ऐकतं!

शनिवारी मी बोलकी खुर्ची दोनदा पुसली. आठवडाभराचं बोलणं घशाशी आलं होतं. मास्तर आले, चष्मा सावरून कागद वाचला, आणि माझ्याकडे न बघता गप्प खुर्चीत जाऊन बसले.

उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छान केलंस रे. मस्त डुलकी लागली."

टोमणा नव्हता तो. असता तर मी चार शब्द सुनावले असते. ते मनापासून बोलले होते, म्हणून फार लागलं. बावीस वर्षं मी एका भल्या माणसाची झोप मोडत होतो.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. "कसा झाला प्रयोग?"

"झकास. तू म्हणालीस तस्सा."

"मग दुसऱ्या खुर्चीलाही लावायचा का कागद?"

मी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यात आठवडाभर कोणी बसलं नव्हतं. "लावतो."

"शाब्बास मामा! चला, ठेवते मग."

"अगं थांब," मी घाईघाईने म्हणालो, "कागद केवढा घेऊ?"

"पहिला होता तेवढाच."

"बरं. आणि शाई? काळी बरी की निळी?"