गोगलगायीचा शेवटचा शॉट

चीनमधल्या फूचौ शहराबाहेरच्या त्या भातशेतात लियाओ वानचिंगचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. लघुपट तिचा, गोष्ट मात्र इथल्या आज्यांची. शेतकऱ्याच्या रांजणातली गोगलगाय बाई होऊन बाहेर येते, त्याचा स्वयंपाक करते, आणि तो तिचा शंख लपवून तिला कायमची ठेवून घेतो. आज्या म्हणायच्या, नशीब काढलं पोराने! वानचिंगचं म्हणणं होतं, मेला चोर आहे चोर. तिच्या सिनेमातली बाई म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. रोजच्या भातातून ती त्याला थोडं थोडं विष घालते आणि शेवटी शंख काखेत मारून निघून जाते.

तेवढा निघून जाण्याचा शॉट राहिला होता. ऊन डोंगराआड चाललं होतं, आणि मालक उद्या शेतातलं पाणी सोडून देणार होता. आज नाही तर कधीच नाही.

आणि नेमकं तेव्हाच कॅमेरामन थांगदादांनी कॅमेऱ्यावर लाल फडकं टाकलं.

"आता काय झालं?"

"ही लेन्सच्या पेटीवर बसली." दादांनी हनुवटीने नायिकेकडे दाखवलं. "बाईमाणूस पेटीवर बसलं की शूटिंगचं वाटोळं होतं. जन्म गेला माझा यात."

शेजारच्याच पेटीवर शेतकरी झालेला नट सूर्यफुलाच्या बिया सोलत ऐसपैस बसला होता. त्याच्या बसण्याने कशाचंच वाटोळं होत नव्हतं. नायिका ची यून मात्र भिजलेल्या जड झग्यात दुपारपासून उभी होती, आत्ता कुठे क्षणभर टेकली होती.

"दादा, आपण सिनेमा कसला करतोय ते तरी आठवा!"

"सिनेमा तुमचा, ताई. पेटी माझी. तिला उदबत्ती लावून माफी मागू दे, लगेच फडकं काढतो."

"डोंबलाची पेटी!" वानचिंग करवादली. म्हाताऱ्याची मानगूट धरावी असं तिला वाटलं. पण ऊन बांधाच्या टोकाला पोचलं होतं. ती ची यूनकडे वळली. "लाव गं बाई उदबत्ती. आजच्यापुरतं ऐक. त्यांच्याशी मी नंतर भांडते."

"ताई, तुम्हीसुद्धा?"

"शॉट जातोय माझा!"

ची यूनने दादांकडून काडेपेटी घेतली. उदबत्ती लावली, पेटीपुढे वाकली. वानचिंगला लाज वाटली, पण लाजत बसायलाही वेळ नव्हता. फडकं निघालं.

"ॲक्शन!"

शंख काखेत मारून ची यून घरातून निघाली आणि बांधावरून रस्त्याकडे चालू लागली. सुरेख. मधल्या दगडापाशी तिने थांबून मागे बघायचं होतं. ती थांबली नाही. पुढे रस्त्यावर गावाची बस येत होती, तिला हिने हात केला.

"अगं, मागे बघ! ची यून! परत ये म्हणते ना!"

वानचिंग चिखल तुडवत, ओरडत तिच्यामागे धावली. बस थांबली, आणि बाई शंखासकट निघून गेली.

वानचिंग धापा टाकत परतली, तेव्हा दादांचा डोळा अजून कॅमेऱ्यालाच होता.

"झकास आलाय हो शॉट. एकच घोळ, तिच्यामागे बोंबलत धावताना तुम्ही आलात त्यात. तेवढं कापून टाकू या."

वानचिंगला रडूही येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशीही वाटत होती.

"हात लावू नका त्याला," ती खेकसली. "तेवढंच खरं आलंय."