मानाचा आकडा

शिरूर अनंतपाळच्या एका शिक्षणसंस्थेला पन्नास वर्षं झाली, म्हणून जुन्या-नव्या मंडळींचा सत्कार ठरला. कॉम्प्युटर ऑपरेटर महामायानं डेटाबेसमधून नावं काढली आणि अक्षरांच्या क्रमानं लावलेली यादी अध्यक्ष शेषेरावांपुढं ठेवली.

"ईश्वरप्पा वर कसा?" शेषेराव उखडले. ईश्वरप्पा म्हणजे माजी अध्यक्ष.

"सर, त्यांचं नाव 'ई'नं सुरू होतं."

"आन् माझं 'श'नं होतं ही माझी चूक हाय का? मानानं लाव!"

आता मान काही कॉम्प्युटरला कळत नाही. महामायानं नावांपुढं एक नवा रकाना केला, त्यात आकडे भरले आणि यादी लावणाऱ्या क्वेरीला अक्षराऐवजी आकडा बघायला लावला. शेषेराव एक, सचिव शरणप्पा दोन, ईश्वरप्पा तीन.

दुपारीच ईश्वरप्पा हजर. "शाळेला जमीन कुणी दिली? एक आन् दोनच्या मधी काहीतरी असंलच की!" महामायानं त्यांना दीड दिला. ते कळताच शरणप्पांनी सव्वा मागून घेतला. हे सगळे आपल्याकडं सरकत चाललेत म्हटल्यावर शेषेराव घाबरले आणि त्यांनी शून्य घेतलं. शून्य झाल्याचा इतका आनंद झालेला माणूस महामाया पहिल्यांदाच बघत होती.

सत्काराच्या आदल्या दिवशी एक नाव वाढलं. तेहतीस वर्षं शाळा झाडून निवृत्त झालेल्या नागुबाईचं.

"यांना कितवा आकडा देऊ?"

"राहू दे रिकामं," शरणप्पा म्हणाले. "येतील शेवटी."

महामायालाही तसंच वाटलं. सकाळी घाईत यादी छापून तिनं सूत्रसंचालकांच्या हातात दिली. ते नांदेडहून आलेले प्राध्यापक, इथं कुणाला ओळखत नव्हते.

"पहिला सत्कार, श्रीमती नागुबाई!"

शेषेराव खुर्चीतून अर्धे उठले होते, तसेच राहिले. रिकाम्या रकान्याला डेटाबेस शून्याच्याही आधी धरतो, हे महामायाला तेव्हा आठवलं. नागुबाई मात्र पदर सावरत भराभरा स्टेजवर चढली. टाळ्या थांबेनात. शेषेरावांनाही हसतमुखानं तिच्या खांद्यावर शाल घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'अध्यक्षांचा मोठेपणा'. शेषेरावांनी ते कात्रण फ्रेम करायला टाकलं.

महामायाला मात्र चैन पडेना. संध्याकाळी ती नागुबाईच्या घरी गेली.

"मावशी, ते चुकून झालं होतं."

"ठावं हाय मला," नागुबाई चहा गाळत म्हणाली. "म्हणून तर पळत गेले. कुणी दुरुस्त केलं असतं म्हंजे?"