पाव इंच उतरता खांदा

शिंपिणीचा एक हट्ट होता. गिऱ्हाईक समोर उभं राहिल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. चिठ्ठीवर माप पाठवणाऱ्या भल्याभल्यांना तिने परत पाठवलं होतं. हा नियम तिने एकाच माणसासाठी मोडला, वन्संसाठी.

आणि का मोडू नये? अठरा वर्षांपूर्वी नवरा तीन वर्षांच्या लेकीला 'बागेत फिरवून आणतो' म्हणून घेऊन गेला, तो परतलाच नाही. सासरचे सगळे मूग गिळून बसले, तेव्हा ही एकटी नणंद सख्ख्या भावाविरुद्ध वहिनीच्या बाजूने उभी राहिली. पोलीस चौकीत सोबतीला वन्सं. गल्लोगल्ली लेकीचे फोटो चिकटवायला वन्सं. रडून घसा बसला की गरम पाणी घेऊनही वन्संच. लेकीला घरात बटण म्हणत, कारण मशीनखाली बसून ती दिवसभर सांडलेली बटणं वेचायची. तिचा बटणांचा डबा अजून तिथेच होता, आणि झाडताना कुणी तो सरकवला तर त्याची खैर नसे.

वन्संची एक मैत्रीण परगावी राहायची. तिच्या मुलीसाठी वर्षातून दोनदा कपडे शिवून जायचे. पहिला फ्रॉक डाव्या खांद्यावर झोल येतो म्हणून परत आला, तेव्हा शिंपिणीने डावा खांदा पाव इंच उतरवला. "माझ्यासारखीच एका खांद्याने वाकडी दिसते पोर," ती हसून म्हणाली होती. वन्संही हसल्या होत्या.

एका सकाळी इन्स्पेक्टरबाईंनी तिला बोलावून घेतलं. नवीन होत्या, जुन्या फायली उकरत होत्या. एका पासपोर्टच्या अर्जाला जोडलेला जन्मदाखला खोटा निघाला होता, आणि मुलीचं वय शिंपिणीच्या जुन्या फायलीशी जुळत होतं. त्यांनी अर्जावरचा फोटो पुढे सरकवला. "ही तुमची मुलगी वाटते का?"

शिंपिणीने फोटो खिडकीपाशी नेला. तीन वर्षांचं तोंड एकवीस वर्षांच्या तोंडात कुठे सापडायचं? तिला चेहरा ओळखता येईना, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली. मग तिचं लक्ष कॉलरकडे गेलं. उभ्या रेघांचा निळा शर्ट, आणि कॉलर मात्र आडव्या रेघांची. दिवाणखान्यातल्या पडद्यासारखं दिसतंय, म्हणून तिनेच स्वतःला शिव्या घातल्या होत्या, पण कापड कमी पडलं होतं.

"चेहरा नाही सांगता येत," ती म्हणाली. "शर्ट मी शिवलाय."

"कोणासाठी?"

"संध्याकाळपर्यंत सांगते."

"सांगा. पण मुलगी आता सज्ञान आहे. तुम्हाला भेटायचं की नाही, ते तीच ठरवणार."

घरी येऊन तिने मापांची वही काढली आणि वन्संच्या मैत्रिणीच्या मुलीचं पान उघडलं. छाती बावीस, चोवीस, सव्वीस. उंची वाढली, बाह्या लांबल्या, एका वर्षी कंबर बारीक झाली तेव्हा 'आजारी होती का?' असंही तिने कडेला लिहून ठेवलं होतं. लेक कशी वाढली ते सगळं तिच्याच अक्षरात होतं आणि तिला पत्ता नव्हता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

चार वाजता वन्सं नवी चिठ्ठी घेऊन आल्या. शिंपिणीने कापायच्या टेबलावर फोटो ठेवला.

वन्सं मटकन स्टुलावर बसल्या. "दादा म्हणाला, तोंड उघडलंस तर मलाही ती पुन्हा दिसणार नाही. वहिनी, निदान तुझ्या हातचं तिच्या अंगावर जावं म्हणून मी..."

"उपकार केलेस." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने वन्संना अगं-तुगं केलं. "कुठे असते?"

"इथून दोन तासांवर."

"आणि माझ्याबद्दल काय सांगितलंय तिला?"

वन्सं चिठ्ठीची घडी घालत राहिल्या. "की तू वारलीस."

म्हणजे भिंतीवर फोटो चिकटवताना या बाईला पोर कुठे आहे ते माहीत होतं. शिंपिणीला तिचं थोबाड फोडावंसं वाटलं.

"कपडे कोण शिवतं, ते विचारत नाही?"

"विचारते ना. म्हणते, आत्या, तुझ्या शिंपिणीला मला न बघता माझा खांदा कसा कळतो?"

शिंपिणीला भडभडून आलं. तिने ते तिथल्या तिथे गिळलं, कारण या बाईसमोर तिला आता रडायचं नव्हतं.

"फोन लाव तिला."

"दादाला कळलं तर..."

"तुझा दादा गेला खड्ड्यात. तू लाव, नाहीतर इन्स्पेक्टरबाई लावतील."

वन्संनी नंबर लावला. "बोल गं आत्या," पलीकडून आवाज आला. शिंपिणीने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"शिंपीण बोलतेय," ती म्हणाली. तिने मशीनची कड घट्ट धरली. "चिठ्ठी आली तुझी. पण तुला समोर बघितल्याशिवाय आता मी कात्री लावणार नाही."

पोरगी हसली. "मग कधी येऊ?"