सतरा भूमिपूजनांची कुदळ

मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. अंगावर चंदेरी रंग आहे, दांड्याला सॅटिनची लाल रिबीन आहे, पण मी एक जुनी कुदळ आहे. कोलशेतच्या खाडीकाठी राहणाऱ्या दामाजी कोळ्याच्या घरातली. आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी गळ्यात हार घालून माझ्याकडे चालत आला, की मला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. जन्मापासून मी अशी नव्हते हो! लोहाराच्या भट्टीतून निघाले तेव्हा अगदी भोळी होते. जो हात दांड्याला लागेल तो कामाचाच असणार, असं मला खरंच वाटायचं.

दामाजीने मला कल्याणच्या बाजारातून आणलं आणि बाभळीचा दांडा बसवला. मग काय, काम विचारू नका. होडी ओढून घ्यायला चिखलात चर खण, मासळी सुकवायच्या काठ्यांसाठी खड्डे कर, होळीचा खड्डा तर दर वर्षी माझाच. काम झालं की दामाजी मला गोड्या पाण्याने धुवायचा. खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून खोबरेल चोळायचा. दसऱ्याला त्याची बायको सरस्वती मला झेंडूचं फूल वाहायची. त्या घरात मी फार सुखी होते.

दुःख एकच होतं. आमच्या काठाला होडी लावायचा धक्का नव्हता. ओहोटीला होडी लागली की काठापर्यंत गुडघाभर चिखल. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन त्यातून वर यायचं ते सरस्वतीने. एका वर्षी ती घसरली आणि तिचा उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा अशा पडलात तर उभ्या राहणार नाही. पण मासळी विकणारी तीच, घर चालवणारी तीच. ती रोज त्याच चिखलात उतरायची आणि मी भिंतीला टेकून देवाचं नाव घ्यायचे.

अशात निवडणूक आली आणि हितेशदादा आमच्या आळीत आले. पांढरा शुभ्र सदरा, हात जोडलेले. सरस्वतीचा पाय बघून त्यांचे डोळे भरून आले. "मी खुर्चीचा माणूस नाही, कुदळीचा माणूस आहे," ते म्हणाले. "श्रम हाच माझा देव. पहिला धक्का कोलशेतला!" दुसऱ्याच आठवड्यात भूमिपूजन ठरलं. नारळ आला, हार आले, गुरुजी आले आणि ऐन वेळी कळलं की कुदळच आणायची राहिली. कुदळीचा माणूस कुदळ विसरला होता! तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं. पण दामाजी धावत घरी आला आणि मला घेऊन गेला. माझी छाती अभिमानाने फुगली. आता मी धक्क्यासाठी खणणार!

कसलं खणणं? खाडीचा चिखल बुटाला लागू नये म्हणून रस्त्याच्या कडेला डंपरभर लाल माती ओतून ठेवली होती. दादांनी मला त्या मऊ ढिगात एकदा टेकवलं. फोटो निघाला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. "वा! ही कुदळ मला जरा राहू दे, लगेच पाठवतो," असं म्हणून त्यांनी मला गाडीत टाकायला लावलं. दामाजी भिडेखातर हो म्हणाला.

महिनाभराने दादा निवडून आले. मग मी शुभशकुनाची ठरले. त्यांचे कार्यकर्ते जयेशभाऊ यांनी मला चंदेरी रंग फासला, रिबीन बांधली आणि माझा मुक्काम गाडीच्या डिकीत हलवला. पाच वर्षं मी ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत हिंडले. कुठे समाजमंदिर, कुठे व्यायामशाळा, कुठे विरंगुळा केंद्र. सतरा भूमिपूजनं केली मी! प्रत्येक ठिकाणी मऊ मातीचा ढीग तयार, प्रत्येक ठिकाणी तेच भाषण. 'श्रम हाच माझा देव' म्हणताना दादांचा आवाज बरोब्बर त्याच जागी कापायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

तरी मी स्वतःची समजूत घालायचे, की आपण गेल्यावर मागे खरी खणाखणी होत असेल. माझे डोळे उघडले ते डोंबिवलीत. तिथे वाचनालयाचं भूमिपूजन होतं. पुढच्या रांगेत देवयानीबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हितेशराव, एक शंका आहे. दोन वर्षांपूर्वी याच जागेवर तुम्ही उद्यानाचं भूमिपूजन केलं होतंत. त्याचं काय झालं?"

"मॅडम, तो विषय प्रोसेसमध्ये आहे," दादा हसून म्हणाले. "आज शुभकार्य आहे, आज नको."

"मग शुभकार्य कधी संपतं आणि काम कधी सुरू होतं, तेवढं सांगा."

जयेशभाऊंनी चटकन स्पीकरचा आवाज वाढवला. माझ्या मनात पाल चुकचुकली. उद्यान झालं नाही, मग व्यायामशाळा झाली असेल का? आणि माझ्या सरस्वतीचा धक्का? डिकीच्या अंधारात त्या दिवशी मला रडू आलं, मित्रांनो. मी कुणाच्या पापात भागीदार झाले होते, ते मला कळलं.

पुन्हा निवडणूक जवळ आली आणि गाडी कोलशेतला वळली. काय निघावं? त्याच धक्क्याचं दुसऱ्यांदा भूमिपूजन! या वेळी रील करायची होती आणि मागे खाडी दिसायला हवी होती, म्हणून मातीचा ढीग आणि मांडव थेट काठावर. पंचांग बघून साडेअकराचा मुहूर्त काढलेला. पण पंचांग बघणाऱ्यांनी पाणी बघितलं नव्हतं. आमच्या आळीत तिथी सांगा, लहान पोरसुद्धा भरतीची वेळ बोटावर मोजून सांगतं.

दामाजी जयेशभाऊंकडे गेला. "दादूस, आज पुनव हाय. बाराच्या आत उरका, नायतर पानी वर येल."

"काका, टेन्शन नका घेऊ. दादा आले की पाच मिनिटांत होईल."

दादा आले पाऊण वाजता. भाषण सुरू झालं. "मी कुदळीचा माणूस…" आवाज कापला आणि तेवढ्यात पाणी मांडवात शिरलं. आधी सतरंजी भिजली, मग मातीचा ढीग विरघळायला लागला. गुरुजी पोथी उचलून खुर्चीवर चढले. एकच पळापळ! दादांनी मला पाण्यात टाकलं आणि ओरडले, "अरे जयेश, बूट! माझे बूट!" त्यांचा पाय चिखलात रुतला होता. शेवटी दामाजीने, साठी ओलांडलेल्या माझ्या दामाजीने, त्यांना पाठुंगळी घेतलं आणि रस्त्यावर नेऊन ठेवलं.

आणि मी? मी पाण्याखाली. माझी आठवण एकीलाच होती. सरस्वती तसाच पाय ओढत चिखलात उतरली. "अगं, नको जाऊ!" दामाजी ओरडला. मीही मनातून तेच ओरडत होते. तिचा हात दांड्याला लागला आणि ती घसरलीच. पण तिने मला घट्ट धरून चिखलात रोवलं, माझ्यावर सगळा भार टाकला आणि हळूहळू उभी राहिली. पाच वर्षांत मी केलेलं खरं काम ते एवढंच, आणि ते केल्याचा आनंद मला अजून पुरतोय.

रस्त्यावर दादांचा सदरा पुसून झाला होता. मोबाईलसमोर ते बोलत होते, "बघा, लोक मला खांद्यावर घेतात! हे प्रेम कमवावं लागतं." सरस्वती पोचताच त्यांनी हात पुढे केला. "थँक्यू मावशी. द्या ती माझी कुदळ. चारला डोंबिवलीत कार्यक्रम आहे."

सरस्वती धापा टाकत होती. तिने पदराने माझं पातं पुसलं. भिजलेल्या रंगाचे पोपडे निघाले आणि खालची धार दिसली. ती तिने दादांच्या डोळ्यांपुढे धरली.

"ही कुदल आमची हाय," ती म्हणाली. "पाच वरसां तुमच्याकडं व्हती. तुमची असती तं झिजली असती."

मोबाईल खाली आला. दादा गाडीत बसले आणि गेले.

चारच्या कार्यक्रमाला त्यांनी नवीन कुदळ विकत घेतली, असं ऐकलं. त्या पोरीची मला काळजी वाटते. मी पुन्हा भिंतीला टेकून असते. दामाजी अंगावरचा उरलेला रंग थोडाथोडा खरवडतो. धक्का झालेला नाही. सरस्वती आजही चिखलातून चालते, फक्त आता आधाराला मला हातात घेते. म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. उद्या तुमच्या दारी कुणी गोड बोलून कुदळ मागायला आला, तर नाही म्हणू नका, पण लगेच देऊही नका. त्याला आधी आमच्या काठावर घेऊन या आणि सरस्वतीची टोपली डोक्यावर घेऊन चिखलातून वर यायला सांगा. तो वर आला, तर कुदळ द्या.