दोन पावलं जोरात

आप्पा आले ते खांद्यावर नवीकोरी घोंगडी टाकूनच. मल्हारीनं ती कारखान्याच्या फाटकातूनच पाहिली आणि त्याला परत आत पळावंसं वाटलं.

घोंगडीला कुणी घाबरतं का, असं तुम्ही विचाराल. मल्हारी घाबरला, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या घरात रीत अशी, की पोरगा एकट्यानं मेंढरं राखू लागला की बापानं त्याला त्याची स्वतःची घोंगडी द्यायची. चुलतभावांना सोळाव्या-सतराव्या वर्षीच मिळाल्या. मल्हारी मात्र चौदाव्या वर्षी दप्तर घेऊन जो सटकला, तो आयटीआयचं वायरमनचं सर्टिफिकेट हातात पडल्यावरच घरच्यांना सापडला. आता सत्ताविशी उलटली होती आणि अख्ख्या भावकीत बिनघोंगडीचा तेवढा तोच. आप्पा ती घेऊन आले म्हणजे कशाला आले, हे सांगायची गरज नव्हती.

"माझे गुडघे गेले," आप्पा म्हणाले. "घाट उतरायचा हाय अन् मला चालवत नाय. तुझ्या हातानं समदा कारखाना अंधारात गेला म्हणं. आसं आसंल तर चल घरी. मेंढरं तू घे."

बातमी बापापर्यंत पोचली होती तर. मल्हारीनं फाटकाच्या गजाकडं बघत विचारलं, "कुणी सांगितलं?"

"कन्नडच्या बाजारात समदे सांगत्यात."

आता तो अंधार कसा झाला, ते सांगायला हवं.

कारखाना साखरेचा, कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. ऊस पिळून उरलेली चिपाडं बॉयलरात जाळायची, त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि आपल्यापुरती वीज आपणच करायची, हे तिथं पहिल्यापासून चालू होतं. पण त्या साली, चौऱ्याण्णवच्या हंगामात, एक नवी टूम निघाली. औरंगाबादेकडं वाळूज म्हणू नका, चितेगाव म्हणू नका, जिकडं बघावं तिकडं कारखाने उगवत होते आणि संध्याकाळ झाली की वीज बोर्डाची लाइन धापा टाकायची. कन्नडात सहा वाजता बल्ब असा लागायचा, की लागला आहे की नाही हे बघायला काडी ओढावी. तेव्हा साखर कारखान्याची उरलेली वीज संध्याकाळपुरती बोर्डाच्या लाइनीत सोडून बघू, असं वरच्यांचं ठरलं.

वरच्यांचं ठरायला काय जातं! बटण दाबायचं होतं मल्हारीला. दोन ठिकाणची वीज एकत्र करणं म्हणजे घागरीतलं पाणी रांजणात ओतणं नव्हे. आपल्या टर्बाइनचा ठेका आणि लाइनीचा ठेका एक व्हावा लागतो. त्यासाठी पॅनेलवर घड्याळासारखी एक तबकडी होती आणि तिच्यात एकच काटा. आपलं यंत्र लाइनीपेक्षा जोरात असलं की काटा उजवीकडं फिरायचा, मंद असलं की डावीकडं. वाफेचं चाक कमी-जास्त करत काट्याची चाल सावकाश करायची, आणि तो बाराच्या खुणेवर आला की बटण दाबायचं. दाबलं की जोडले गेले.

शिरसाठ साहेबांनी हे त्याला पंचवीस वेळा समजावलं होतं. साहेब पॉवर हाऊसचे इंजिनिअर, घर शहरात पुंडलिकनगरला, मुक्काम कारखान्याच्या क्वार्टरात. मल्हारीला ऊस उतरवायच्या कामावरून उचलून टर्बाइनवर आणलं ते त्यांनीच. आपला डबा ते निम्मा त्याला द्यायचे आणि चूक झाली की तितक्याच मोकळ्या मनानं शिव्याही द्यायचे. "काटा नेहमी उजवीकडं फिरतच आणायचा, मल्हारी. उजवीकडं, सावकाश."

संक्रांतीच्या आठ दिवस आधी पहिली चाचणी झाली. मल्हारी चाकापाशी, साहेब मागं. काटा उजवीकडं फिरत छान येत होता. आणि ऐन वेळी मल्हारीच्या हातानं काय केलं देव जाणे, चाक उलटं फिरवलं. टर्बाइन मंदावलं, काटा डावीकडं वळला, बारावर आला आणि त्यानं बटण दाबलं. बोर्डाच्या लाइनीनं टर्बाइनला असा हिसका दिला, की पायाखालची फरशी हादरली. धाडधाड रिले पडले आणि वीज तुटली. अख्खा कारखाना अंधारात, गव्हाणीत ऊस अडकलेला, आणि शिरसाठांच्याही वरच्या चीफ साहेबांचा आवाज तेवढा सगळीकडं ऐकू येत होता.

"डावीकडं फिरवत का आणलास?" शिरसाठ साहेबांनी नंतर विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते ओरडले नाहीत.

"म्हाईत नाय साहेब. हातच मागं आला."

हे खरं होतं. आठ दिवस तो स्वतःच्या हाताकडं शंकेनं बघत होता. चीफ साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की दुसरी आणि शेवटची चाचणी संक्रांतीला. ती फसली तर बोर्ड परवानगी काढून घेणार आणि हा मल्हारी परत गव्हाणीवर, ऊस उतरवायला. तिथलं काम हंगामापुरतं. हंगाम संपला की घोंगडी वाट बघत होतीच.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी शिरसाठ साहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागणार, ही बातमी आली होती. सोळा वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, त्यासाठी मोर्चे काढून साहेबांनी आठवडाभर हर्सूलच्या जेलची आमटी खाल्ली होती. आईला घेऊन विद्यापीठाच्या दारात उभं राहायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलेलं. "पाचाच्या आत येतो," जीपमध्ये बसता बसता ते म्हणाले. "तोवर कशाला हात लावू नकोस."

मल्हारीला तरी कुठं लावायचा होता! तो दुपारी आईबापाकडं गेला. कारखान्याच्या शेजारीच तोडणी झालेल्या रानात आप्पांनी मेंढरं बसवली होती. बानाबाईनं, त्याच्या मायनं, तिळाची भाकरी हातावर ठेवली आणि पोरगा वाळला म्हणून डोळ्याला पदर लावला. मल्हारीचं वजन तीन किलोनं वाढलं होतं, पण मायच्या डोळ्यांपुढं काट्याचं चालत नाही.

आप्पांचा बेत असा होता, की आपली साठ मेंढरं सांडूच्या तीनशेच्या कळपात मिसळायची आणि सगळ्यांनी मिळून घाट उतरायचा. सांडू जुना सोबती. त्याचा कळप गाडीवाटेनं येताना दिसला तशी आप्पांनी काठी मल्हारीच्या हातात दिली. "घे, तूच मिसळ. बघू दे इसरलास का."

मल्हारीनं मेंढरं वाटेच्या कडेला आणली आणि हाळी देऊन जागच्या जागी उभी केली. सांडूचा कळप आला आणि त्या उभ्या मेंढरांवर आदळला. एडक्यांनी शिंगाला शिंगं भिडवली, निम्मी मेंढरं उलटी वळून लोंढ्याबरोबर मागं ओढली गेली, कोकरं पायाखाली येता येता वाचली. सांडूनं कपाळाला हात लावला.

"आरं, थांबलास काहून?" आप्पा गुडघे विसरून धावले.

"तुमीच शिकवलं ना! मोठा कळप आला की लहानानं थांबायचं. वाट द्यायची."

"ते वाट वलांडताना, येड्या! त्येनं त्येच्या वाटंनं जायचं, आपुन आपल्या. संगं चालायचं आसंल तर थांबून कसं जमंल? थांबल्याल्याला त्यो फरफटत नेतो." आप्पांनी काठी हिसकावून घेतली. "त्येच्या बाजूनं चालायचं. त्येच्याच चालीनं. अन् मिसळायच्या टायमाला आपली दोन पावलं जोरात. म्हंजी आपुन त्येच्यावर वझं व्हत नाय."

मेंढरं वेगळी काढायला अर्धा तास गेला. मग आप्पांनी ती पुन्हा चालवली, सांडूच्या कळपाच्या शेजारून, मध्ये दहा हात जागा ठेवून. दोन्हीकडच्या म्होरक्या मेंढ्यांच्या घंट्या आधी वेगवेगळ्या वाजत होत्या. हळूहळू त्या एकीवर एक पडू लागल्या. आप्पांनी "हुर्रर्र" केलं, आपली मेंढरं जराशी पुढं काढली, आणि मधली जागा कधी नाहीशी झाली ते कळलंसुद्धा नाही. एकही मेंढरू बिचकलं नाही.

मल्हारी वाटेवर उभाच राहिला. त्यानं आपला हात वर करून पाहिला. आठ दिवस जो हात त्याला परका वाटत होता, तो एकदम ओळखीचा झाला. बोर्डाची लाइन मोठी, आपलं टर्बाइन लहान. लहानानं थांबायचं. लहानपणापासून त्या हाताला दुसरं काही शिकवलंच नव्हतं कुणी.

साडेपाचला पॉवर हाऊसमधला फोन वाजला.

"मल्हारी, मी येत नाही." शिरसाठ साहेबांचा आवाज घोषणा देऊन बसला होता आणि मागं एवढा कल्लोळ होता, की एक शब्द कळला तर दोन बुडायचे. "एसट्या बंद, बंदोबस्त कडक, आणि जीप क्रांती चौकात अडकलीय. तू कर."

"मी? एकट्यानं?"

"मग काय, टर्बाइन इकडं पाठवतोस?"

मल्हारीनं फोनची तार बोटाला गुंडाळली. "साहेब, त्या दिवशी काटा डावीकडं फिरवत का आणला, ते कळलं. मी थांबलो व्हतो. मोठ्याला वाट देत व्हतो."

मग साहेब म्हणाले, "वाट देत उभं राहायचे दिवस गेले रे, बाबा." त्यांनी फोन ठेवला.

चीफ साहेब हाताची घडी घालून दारातच उभे होते. "शिरसाठ नाहीत ना? मग राहू द्या. कळवतो मी बोर्डाला, जमत नाही म्हणून."

मल्हारी त्या माणसापुढं आजवर विचारल्याशिवाय तोंड उघडून बोलला नव्हता. "मी करतो साहेब," तो म्हणाला, आणि ते काही म्हणायच्या आत चाकापाशी गेला.

बोर्डाच्या सबस्टेशनचा होकार आला. मल्हारीनं चाकावर हात ठेवला. काटा उजवीकडं भिरभिरत होता. त्यानं वाफ जराशी कमी केली. काट्याची चाल मंदावली, आणखी मंदावली. फेरा पुरा करून तो वर येऊ लागला, नऊ, दहा, आणि इथंच मल्हारीचा हात पुन्हा मागं यायला बघू लागला. त्यानं डोळे मिटले नाहीत, पण कान मात्र दुपारच्या गाडीवाटेवर ठेवले. एक घंटी, दुसरी घंटी. चाल एक होऊ दे. आता आपली दोन पावलं जोरात. अकरा. त्यानं चाक आहे तिथंच घट्ट धरलं आणि बारावर बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

फरशी हादरली नाही, दिवा लुकलुकला नाही, टर्बाइनचा सूर बदलला नाही. काटा बारावर येऊन गप उभा राहिला. मल्हारीनं हळूहळू वाफ वाढवली, तशी कारखान्याची वीज बाहेरच्या लाइनीत निघाली. चीफ साहेबांनी दोनदा मीटर पाहिला, घसा खाकरला, "हं" म्हणाले आणि निघून गेले. त्या माणसाच्या तोंडून "हं" म्हणजे सत्कारच होता.

आप्पा दारात उभे होते. निरोप घ्यायला आले होते आणि वॉचमननं संक्रांत म्हणून आत सोडलं होतं. खांद्यावर घोंगडी तशीच.

"कवा करायचं हाय?" त्यांनी विचारलं.

"झालं, आप्पा."

"झालं? आवाज तर कायबी आला नाय."

"आवाज आला नाय म्हंजीच झालं."

हे आप्पांना लगेच पटलं. ते खिडकीशी गेले. तिथून कन्नडकडं जाणारे खांब दिसत होते आणि लांबवर गावाचे दिवे. रोज मिणमिणणारे दिवे आज चांगले पिवळेधमक होते. आप्पांनी तिकडं बोट केलं.

"त्यातली आपली वीज कोणती?"

"ते नाय सांगता येत. एकदा मिसळली की बोर्डाची अन् आपली एकच."

"माझ्या मेंढरांच्या कानावर खूण हाय," आप्पा म्हणाले. "तीनशे साठातून मी अंधारात हात फिरवून माझी काढून देतो. तू कशावरनं वळखशील?"

बाप कशाबद्दल विचारतो आहे, विजेबद्दल की आणखी कशाबद्दल, हे मल्हारीला कळत होतं. "वळखू येत नसली तरी कमी पडली की कळतं," तो म्हणाला. "मी इथं चाक सोडलं ना आप्पा, तर तिकडचे दिवे लगेच बारीक व्हत्याल."

आप्पांनी मान हलवली. मग खांद्यावरची घोंगडी काढली, झटकली आणि पोराच्या पाठीवर टाकली. मल्हारी दचकला.

"आप्पा, मी नाय येत. मी हितंच..."

"ये म्हणलं का मी? आमी जातो सांडूसंगं. त्येची पोरं हायेत चालायला." त्यांनी घोंगडीची टोकं त्याच्या छातीवर ओढून नीट केली. लहानपणी थंडीत करायचे, अगदी तशी. "एकट्यानं राखलंस. रीत ती रीत."

ते वळले आणि गुडघा चोळत जिना उतरून गेले. त्यांनी मागं पाहिलं नाही, कारण डोळे पुसताना पोरानं बघितलेलं त्यांना चाललं नसतं.

टर्बाइनच्या त्या खोलीत हंगामभर बॉयलरची धग असायची. माणसं बनियनवर काम करायची. मल्हारी खुर्चीवर बसला, घामानं निथळत, काट्यावर नजर ठेवून, आणि दहाला पाळी संपेपर्यंत त्यानं अंगावरची घोंगडी काढली नाही.