लटारूच्या बांधीतली अर्धी गोळी

दिव्यानी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि औषधशास्त्राने तिला एकदा पाडलं होतं. आता मंगळवारी गडचिरोलीला पुन्हा तोंडी परीक्षा. यातही गचकली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की बाप वसतिगृहातून तिची पेटी उचलून आणणार, हे त्याने चारचौघांत जाहीर करून ठेवलं होतं. शहाण्या मुलीने दार लावून अभ्यास केला असता. पण लटारूकाकाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणी होती, बाया कमी पडत होत्या, आणि आजीचा, म्हणजे मीराबाईचा शब्द मोडायची घरात कुणाची टाप नव्हती.

मग काय, दिव्यानी चिखलात वाकून भाताची रोपं खोचता खोचता औषधांचे गट घोकू लागली. लक्षात राहावेत म्हणून तिने प्रत्येक गटाला घरातलं एकेक माणूस चिकटवलं होतं. आम्लनाशक म्हणजे आई. कुठे आंबट झालं की जाऊन मिटवणार. बीटा ब्लॉकर म्हणजे मामा. कुणाची धडधड वाढली की "हळू, हळू" म्हणत आवरणार. सर्दीची जुनी गोळी म्हणजे खुद्द बाप; शिंक थांबवेल, पण बोलता बोलता समोरच्याला झोपही आणेल. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांना मात्र माणूसच सापडेना. मागच्या खेपेला ती नेमकी तिथेच अडली होती.

न्याहारीला मीराबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आली. तिच्याकडून कुणी रिकाम्या हाताने गेलं, असं कधी झालं नाही. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मिळाले, वाटले. मोहाचे लाडू केले, वाटले. आज तिच्या पदरात गोळ्या होत्या.

"चिखलात पाय सुजतेत ना वो तुमचे? माये बी सुजले होते. डॉक्टरनं गोळी देल्ली, उतरले. घ्या, अर्धी अर्धी."

बायांनी घेतल्या. दिव्यानीची तेव्हा प्रतिजैविकांची घोकणी चालू होती. आजीने तिच्याही हातावर अर्धी ठेवली आणि औषधशास्त्राच्या या विद्यार्थिनीने ती न बघता पाण्याबरोबर गिळून टाकली.

तासाभरात रोवणाऱ्यांतली वच्छला उठून झुडपाकडे गेली. तिच्या मागे नीलिमा, मग करिश्मा. एक परत येते न येते तोच दुसरी निघे. रांग अशी फाटली की रोवणी एकाच कोपऱ्यात उरली. लटारू धुऱ्यावरून ओरडला, "काऊन वो, बांधी इथी आन् तुमी तिथी? झुडपात काही वाटून राह्यले का?"

मग तो काठी घेऊन स्वतःच बघायला निघाला. आतून अशा किंकाळ्या आल्या की गडी काठी टाकून पळाला.

दिव्यानीही धावत सुटली होती. परतताना आजीच्या पदरात रिकामं पाकीट दिसलं. तिने नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"आजी! हे लघवीची गोळी हाय!"

"मंग? पायातलं पाणीच तं काढाचं होतं."

तेवढ्यात वच्छला उभी राहता राहता भोवंडली. दिव्यानीने तिला सावलीत निजवलं, पाय उंच ठेवले, थोड्या वेळाने मीठ घातलेली पेज पाजली. पेज संपवून वच्छला पहिल्यांदा काय म्हणाली असेल, तर "पुन्हा लागली." सगळ्या हसून लोळल्या, आणि सगळ्यांत जास्त हसली दिव्यानी.

मंगळवारी परीक्षक मॅडमनी नेमका तोच गट विचारला. दिव्यानी धडाधड सांगत सुटली: गोळी मूत्रपिंडावर काम करते, मीठ बाहेर काढते, मिठामागे पाणी जातं; सकाळी द्यावी, नाहीतर रात्रीची झोप गेली; उठताना चक्कर येते, पोटॅशियम घसरतं.

"आणखी?"

"झुडूप पुरत नाही," तिच्या तोंडून निसटलं.

मग सगळं सांगावंच लागलं. मॅडमना हसता हसता चष्मा काढावा लागला. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पास. जिनं घेतली तिचं सगळं सांगितलंस. आता जिची होती तिचं सांग. तिनं त्यानंतर काय घेतलं?"

दिव्यानीला ते रिकामं पाकीट आठवलं. आजीजवळ एकही गोळी उरली नव्हती. दिवसभर हसलो, घरी येऊन पुन्हा पुस्तकात डोकं घातलं, आणि आजीच्या पायांकडे एकदाही पाहिलं नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. बाहेर येऊन तिने घरी फोन लावला.

"पास का नापास?" बाप ओरडला.

"ते राहू द्या. आजीचा पाय अंगठ्यानं दाबून पाहा. खड्डा पडते का?"

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाप हळू आवाजात म्हणाला, "पडते. पाय पुन्हा सुजले हायेत."

"तिले पहिल्या बसनं इथी दवाखान्यात घेऊन या. आत्ताच."

मागून मीराबाईचा आवाज आला. "तिले म्हणा, गोळ्या जराशा जास्त मिळाल्या तं पाहा. वच्छलाचे पाय लय चांगले उतरले, बाया मागून राह्यल्या."