हिरवा ठिपका

ठिपका हिरवाच होता. चहाच्या कपाशेजारी दादाचा मोबाइल उताणा पडलेला, काचेवर अंगठ्याचा तेलकट ठसा आणि त्या ठशाखाली तो ठिपका, मुगाच्या दाण्याएवढा, आश्वासक… आश्वासक हा शब्द धाकट्या भावाचाच. रंग आश्वासक हवा, असं ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोच म्हणाला होता.

"अजून चालू आहे बघ," दादा म्हणाला. "त्या मोठ्या छापखान्यानं माझ्या अर्जाला अजून नाही म्हटलेलं नाही."

वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. "कोपऱ्यावरचा औषधवाला संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे. गल्ल्यावर बसायचं काम. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढंच म्हणते मी."

"जन्म मशिनवर गेला माझा. आता गोळ्यांच्या पट्ट्या कापत बसू?" दादा धाकट्याकडे वळला. "तूच सांग हिला. तूच केलंयस ना हे अ‍ॅप. माझ्यासारख्या ठोंब्यालाही कळतं, इतकं सोपं."

धाकट्यानं गरम चहा घटाघटा पिऊन टाकला. जीभ पोळली, बरंच झालं. पोळलेल्या जिभेनं बोलावं लागत नाही.

सोपं. हो, सोपं तर होतंच. काम देणाऱ्याच्या स्क्रीनवर आधी दोन बटणं होती, 'हवा' आणि 'नको'. 'नको' दाबलं की काम मागणाऱ्याकडचा हिरवा ठिपका राखाडी व्हायचा. मग एके दिवशी दुसरं बटण गर्दी करतंय असं त्याला वाटलं — आणि वाटलं ते दादामुळेच, कारण लहानपणी छापखान्यात ओल्या कागदावर बोट ठेवून दादाच म्हणाला होता, जागा मोकळी सोड, मोकळ्या जागेमुळेच वाचता येतं… तेच वाक्य त्यानं मीटिंगमध्ये आपलं म्हणून फेकलं. सगळे खूश. 'नको' गेलं. ठिपका विझवणारं मात्र आता काहीच उरलं नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या आलं, तेव्हा स्क्रीन फार सुंदर दिसत होती.

आज ऑफिसात गेल्या गेल्या त्यानं साहेबांना गाठलं. ठिपका विझायला हवा, म्हणाला.

"अरे, तो बघायला तर लोक दिवसातून दहादा अ‍ॅप उघडतात," साहेब हसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला कुणाला नाही म्हणायचं?"

तो मान हलवून जागेवर येऊन बसला. मान हलवायला किती शिकलो आहे मी! दादाला फोन लावावा म्हणून मोबाइल हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. सांगणार काय — दादा, मोठ्या छापखान्यानं तुझं नाव कधीच बाजूला सारलं असेल, तो दिवा कशालाच जोडलेला नाही? आणि दादा विचारील, मग लावलास कशाला? समोरासमोर सांगू, असं त्यानं ठरवलं, कारण समोरासमोर म्हणजे अजून उशीर. दुपार तशीच गेली.

संध्याकाळी मात्र तो खरंच झपाझप चालत आला. वाटेभर वाक्य जुळवत होता. दार उघडंच होतं. वहिनी कांदा चिरत होती, तिनं वर पाहिलं नाही.

"औषधवाल्याला सांगून आलो," दादा म्हणाला. "आत्ताच."

"काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. फोनवर नको वाटलं, म्हणून जाऊन, तोंडावर सांगितलं. बिचारा माणूस शोधतोय, त्याला उगाच ताटकळत कशाला ठेवायचं."

दादानं मोबाइलची काच बाहीला पुसली आणि ठिपका पाहिला.

आता सांगून उपयोग काय… हे वाक्य त्यानं जुळवलं नव्हतं, ते आपसूक आलं. त्याच्यामागोमाग छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि त्याला कळलं की दिवसभर मी याचीच वाट पाहत होतो.

"हिरवाच आहे," दादा म्हणाला.

"हो," मी म्हणालो, आणि मला भूक लागली होती.